धावपट्टी द्या, रस्ता सोडा

आमच्या सांगली-साताऱ्याकडे शर्यतीचा बैल पाळणाऱ्याला कुणी विचारत नाही, की बाबा रे, हा नांगराला जातो का? जात नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. त्याला दूध, अंडी, उडदाचा खुराक. त्याच्यासाठी वेगळा गडी, गोठ्यात पंखा, मैदानाला न्यायला वेगळा टेम्पो. चांगल्या खोंडाला लाखांत किंमत येते आणि ती मोजणारा माणूस पारावर वेडा ठरत नाही, उलट 'नाद करावा तर असा' म्हणून त्याच्या पाठीवर थाप पडते. अलीकडे तर सांगली जिल्ह्यातल्या मैदानांत पहिल्या नंबरला थार, फॉर्च्युनर असली बक्षिसं लागली. पळायचं बैलांनी आणि जिंकून घरी न्यायची मोटार.

तीच मोटार पळवायचा नाद कुणी केला की मात्र पारावरचा सूर बदलतो. पैशाचा माज आलाय, बापानं कमावून ठेवलंय, पेट्रोल जाळायला दुसरं काम नाही. मी कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर आयुष्य काढलेला माणूस आहे. बापाची इस्टेट वगैरे काही नव्हती. भंगाराच्या भावात आणलेली एक डुक्कर फियाट उघडून, हेड घासून, बोअर मारून, पुन्हा बांधून मी दक्षिणेतल्या ट्रॅकवर नेली, आणि या नादात उमेदीची वर्षं घालवली. पुढे जरा बऱ्या गाड्या आल्या. नाद तोच राहिला. त्यामुळे मी या प्रश्नात तटस्थ आहे असं सोंग घेत नाही. पण पारावरचा तो सूर सगळाच खोटा आहे, असंही म्हणणार नाही. तो आमच्यातल्याच काही लोकांनी कमावून दिलेला आहे.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव पोर्शने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता. गाडीची कायमची नोंदणी १,७५८ रुपये भरायचे राहिले म्हणून अडलेली होती आणि पोराला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला होता. कोटीच्या घरातली गाडी, हजार-दोन हजारांची फी, तीनशे शब्द. त्या दिवसापासून महाराष्ट्रात कुठल्याही स्पोर्ट्स कारकडे लोक ज्या नजरेनं बघतात, ती नजर बरोबरच आहे असं मला वाटतं. उगाच 'सगळेच तसे नसतात' म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही.

तरीही त्या प्रकाराला मोटारींचा शौक म्हणायला मी तयार नाही. वेगाच्या शौकाची माझ्या लेखी एकच कसोटी आहे: धोका कुणाच्या अंगावर येतो? स्वतःच्या, स्वतःच्या मर्जीनं, अंगावर आगीला दाद न देणारा सूट आणि डोक्यावर हेल्मेट चढवून घेतलेला धोका असेल तर तो खेळ. दुचाकीवरून घरी निघालेल्या माणसाच्या अंगावर त्याला न विचारता टाकलेला धोका असेल तर तो गुन्हा. मग गाडी पोर्श असो, डंपर असो, नाहीतर कॉलेजच्या पोराची पुंगळी लावलेली मोटारसायकल असो. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. केंद्र सरकारच्याच अहवालात त्यातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यूंमागे अतिवेग नोंदवलेला आहे. स्पोर्ट्स कारचा त्यातला वाटा नगण्य असणार, कारण मुळात त्या आहेतच किती? पण 'आमचा वाटा थोडा' हा बचाव मला लाजिरवाणा वाटतो.

दिवाळी झाली की पेठ नाक्यापासून कराडपर्यंतचा हायवे आठवून बघा. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे लाल दिव्याचा पत्ता नाही, रिफ्लेक्टरची पट्टी असलीच तर चिखलाखाली. बाजूनं उलट दिशेनं येणारी एक दुचाकी, कारण पुढचा यू-टर्न लांब आहे. आणि या सगळ्यातून शनिवारी सकाळी पुण्या-मुंबईकडून सात-आठ रंगीत गाड्यांची माळ 'ड्राइव्ह'ला निघालेली असते. ताशी १२० ला गाडी एका सेकंदात तेहतीस मीटर जाते. म्हणजे धोका दिसल्यावर पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच तेवढं अंतर संपलेलं असतं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर साधारण चौपट होतं, हे नववीच्या पुस्तकातलं गणित आहे. गाडीचे ब्रेक कितीही जर्मन असोत, पुढची ट्रॉली शिराळ्याची आहे. खंबाटकीचं ते वळण, पसरणी घाट, यवतेश्वरहून कासला जाणारा चिंचोळा रस्ता, इथे 'जरा दाबून बघू' म्हणणाऱ्याला मी ड्रायव्हर मानत नाही. कासच्या रस्त्यावर तर सुट्टीच्या दिवशी निम्मा महाराष्ट्र फुलं बघायला पायी चालत असतो.

आता, ही मंडळी दाबून बघणारच असतील तर त्यांनी कुठे जावं? माझ्या मते खरा सार्वजनिक प्रश्न हा आहे, आणि त्याला आपल्याकडे उत्तर नाही. पोलीस म्हणतात, रस्त्यावर नको. बरोबर. मग कुठे, असं विचारलं की म्हणतात, कुठेच नको. हे 'कुठेच नको' आजवर जगात कुठे चाललेलं नाही.

मोटार जन्माला आली तशी शर्यतही आली, आणि ती रस्त्यावरच आली. १९०३ साली पॅरिसहून माद्रिदला निघालेली शर्यत बोर्दोतच थांबवावी लागली, कारण तिथवर पोचेपर्यंत चालकांबरोबर रस्त्याकडेला बघत उभी असलेली माणसंही मेली होती. इंग्लंडात त्या काळी रस्त्यावरची वेगमर्यादा ताशी वीस मैल, म्हणजे आपल्या हिशेबानं बत्तीस किलोमीटर होती, आणि ती उठवा म्हणून कितीही ओरडलं तरी सरकार बधलं नाही. तेव्हा ह्यू लॉक किंग नावाच्या जमीनदारानं स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या पैशानं ब्रुकलंड्स नावाचा ट्रॅक बांधला. १९०७ साली तो सुरू झाला. मोटारींच्या शर्यतीसाठीच मुद्दाम बांधलेला तो जगातला पहिला मोठा ट्रॅक. मला यातला क्रम आवडतो. रस्त्यावरची मर्यादा सैल झाली नाही म्हणून खेळाला स्वतःची जागा शोधावी लागली. आपल्याकडे मर्यादाही पाळली जात नाही आणि जागाही मिळत नाही.

दक्षिणेनं हे फार आधी केलं. मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातली एक धावपट्टी होती. तिथे गेल्या शतकाच्या पन्नाशीपासून शर्यती सुरू झाल्या. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा. पुढे त्या क्लबनं इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक उभा केला, १९९० साली. आणि कोइमतूर! कापडगिरण्या, पंप, फाउंड्र्या यांचं गाव. म्हणजे चेहऱ्यामोहऱ्यानं आपल्या इचलकरंजी, किर्लोस्करवाडी, कोल्हापूर यांचं एकत्र केलेलं भावंड. तिथल्या एस. करिवर्धन या गिरणीवाल्या घरातल्या माणसानं मारुतीचं इंजिन घालून एका सीटच्या स्वस्त रेस कार बनवल्या, की ज्यामुळे साध्या पोरांनाही शर्यतीत उतरता यावं. १९९५ साली विमान अपघातात तो गेला. त्याच्या नावाचा, दोन किलोमीटरच्या जरासा वर भरणारा कारी मोटर स्पीडवे २००३ साली सुरू झाला. फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, याच कोइमतूरचा.

हे काही तिथल्या मातीच्या गुणानं झालं नाही. या आपल्या पट्ट्यालाही यंत्राचं वावडं नव्हतं कधी. १९१० साली कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगराचा कारखाना आणला, साताऱ्यात कूपरांनी डिझेल इंजिनं केली, साताऱ्यातच बनलेली प्रिया स्कूटर अर्ध्या महाराष्ट्रानं चालवली. आजही सांगली-मिरजेच्या गल्ल्यांत असे मिस्त्री आहेत, की आवाज ऐकून कितव्या सिलिंडरचा प्लग गेलाय ते सांगतात. शेजारच्या कोल्हापुरात गो-कार्टिंगचा ट्रॅक झाला आणि तिथली पोरं देशपातळीवर गाड्या पळवू लागली. ट्रॅक झाला म्हणून पोरं आली. पोरं आली म्हणून ट्रॅक झाला, असं नाही.

ट्रॅकवर नेमकं काय घडतं ते न पाहिलेल्यांना वाटतं, तिथे फक्त गाड्या सुसाट सुटतात. प्रत्यक्षात शर्यतीच्या दिवशी निम्मा वेळ रांगेत जातो. सकाळी तपासणी असते. कारीवरची एक सकाळ माझ्या पक्की लक्षात आहे. तपासनीस वयस्कर, हातात टॉर्च, तोंडात शब्द कमी. तो बॉनेट उघडतो आणि कार्ब्युरेटरवर थ्रॉटल मागे खेचणाऱ्या स्प्रिंगा मोजतो. दोन हव्यात, एक तुटली तर दुसरीनं पेडल वर आणलं पाहिजे. मग डिकी. जॅक, पाना, पाण्याची बाटली, गणपतीची मूर्ती, जे सुटं असेल ते बाहेर. मग ओढून न्यायचा हूक. मग हेल्मेटच्या आतलं लेबल. मग सीटचे पट्टे, सगळ्या जोडांना हिसका देऊन. माझ्या पुढे उभी असलेली गाडी माझ्या फियाटच्या वीसपट किमतीची असेल. त्यानं तिची बॅटरी दोन बोटांनी हलवली. ती हलली. गाडी रांगेबाहेर. मालक इंग्रजीत बोलला, मग मोठ्यानं बोलला, मग कुणाला तरी फोन लावू लागला. म्हातारा तोवर माझ्या स्प्रिंगा मोजत होता. फोन लावून काही उपयोग होत नाही अशी जागा या देशात मला फार थोडी दिसली.

हाच फोनवाला माणूस हायवेवर असता तर त्याची बॅटरी कुणी हलवून पाहिली असती? तिथे त्याचं कोण काय वाकडं करणार? ट्रॅकचा मला कळलेला सर्वात मोठा फायदा हाच. तिथे माज चालत नाही. पिवळा झेंडा दिसला की ओव्हरटेक बंद, लाल दिसला की शर्यत थांबली, आणि काळा झेंडा तुमचा नंबर दाखवून फडकला की आत या, तुमचा दिवस संपला. एकदा तो झेंडा खाल्लेला माणूस रस्त्यावर जरा निवतो. शिवाय ज्यानं वळणावर टायर सुटताना काय होतं ते पाठीखाली अनुभवलेलं असतं, त्याला यवतेश्वरच्या वळणावर हिंमत दाखवायची हौस उरत नाही. याला माझ्याकडे आकडेवारी नाही, पण माझ्या ओळखीतले शर्यतवाले रस्त्यावर कंटाळवाणे चालक आहेत. त्यांच्या घरचेच तक्रार करतात.

बैलांकडे परत येतो, कारण आपल्याकडच्या धोरणाचा सगळा धडा तिथेच मिळालेला आहे. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडी शर्यतींवर बंदी घातली. शर्यती थांबल्या का? पहाटे, झाडाझुडपांच्या आड, मोबाइलवरून जागा कळवून मैदानं भरतच राहिली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आटपाडी तालुक्यात झऱ्याच्या परिसरात तर बंदी झुगारून राजरोस शर्यत झाली. ज्या शर्यती चोरून होत होत्या, तिथे पशुवैद्य नव्हता, रुग्णवाहिका नव्हती, बैलाला काय टोचलंय ते पाहणारं कुणी नव्हतं. मग राज्यानं २०१७ साली कायदा बदलून नियम केले, ते कोर्टात अडकले, १६ डिसेंबर २०२१ ला सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. आता धावेचं अंतर ठरलेलं आहे, चाबूक-काठीला बंदी आहे, डॉक्टरची तपासणी आहे, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. हे नियम सगळीकडे काटेकोर पाळले जातात असं कुणी शपथेवर सांगणार नाही. पण मोडले तर कोण जबाबदार, हे तरी आता कागदावर आहे.

मोटारींच्या बाबतीत तर कायदा बदलायचीही गरज नाही. मोटार वाहन कायद्याचं १८९ वं कलम सार्वजनिक जागी शर्यत लावणाऱ्याला तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड सांगतं, पुन्हा सापडला तर एक वर्ष किंवा दहा हजार. पण ते कलम नीट वाचा. राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय केलेली शर्यत गुन्हा आहे, असं ते म्हणतं. दार कायद्यातच ठेवलेलं आहे. कडी काढायची तेवढी राहिली आहे.

माझी मागणी छोटी आहे, आणि मुद्दाम छोटी ठेवली आहे. सांगलीहून तासगावला जाताना कवलापूरला विमानतळाची जमीन आहे. सरकारी आहे, मोठी आहे, आणि वर्षानुवर्षं तिथे विमान उतरलेलं नाही. तिथे विमानतळ व्हावा ही सांगलीकरांची जुनी मागणी आहे आणि माझीही आहे. ज्या दिवशी विमान येईल त्या दिवशी आम्ही आमचे टायर उचलून निघून जाऊ, तसं स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायला तयार आहोत. तोवर वर्षातले चार रविवार ती जागा भाड्यानं द्या. तिथे खांद्याला खांदा लावून शर्यत लावायचीही गरज नाही. शंकू मांडून आखलेल्या वळणांतून एका वेळी एकच गाडी, घड्याळाशी स्पर्धा. ऑटोक्रॉस म्हणतात याला. वेग शंभरीच्या आसपासच राहतो, कस लागतो तो हातापायांचा. धावपट्टीवर गाड्या पळवणं महाराष्ट्रात काही आकाशातून पडलेली कल्पना नाही. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यती, झालेल्या आहेत.

माळ घ्या की जतकडचा, तो पडीकच आहे, असं काही मित्र सुचवतात. मला ते पटत नाही. ज्याला आपण शहरातून पडीक म्हणतो तो कुणाच्या तरी मेंढरांचा चारा असतो. एकदा डांबर पडलेली जागा मोकळी असताना नव्या जागेवर डांबर ओतायचं कारण नाही. कवलापूरच्या आजूबाजूला द्राक्षबागा आहेत, त्यांचाही विचार हवा. बघ्यांच्या गाड्यांची धूळ तयार घडांवर बसली तर बागायतदार आमच्या नावानं बोटं मोडेल आणि त्याचं चुकणार नाही. म्हणून माल उतरून गेल्यावर, मे महिन्यात, किंवा दिवाळीच्या आगेमागे बागायतदारांना विचारून तारखा घ्याव्यात. उन्हाचा त्रास आमचा आम्ही सोसू. एखादा जायबंदी झालाच तर मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव जवळ आहे.

यावर सर्वात वजनदार आक्षेप कुठला असेल, तर बघ्यांचा. आपल्याकडे दोरी बांधली की माणूस दोरीच्या आत उभा राहतो. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेरला मोटारींची रॅली चालू होती, रस्ता बंद केलेला होता असं आयोजक म्हणत होते, आणि तरीही एक मोटारसायकल आत आली. एका नामवंत चालकाच्या गाडीखाली आई, बाप आणि पोर असं एक कुटुंब संपलं. त्या चालकाला पुरस्कार किती मिळाले होते याला मग काही अर्थ उरत नाही. युरोपातही ट्रॅक झाला म्हणून सगळं सुरक्षित झालं असं घडलं नाही. १९५५ साली फ्रान्समधल्या ल मान्सला एक गाडी उडून प्रेक्षकांत गेली, ऐंशीहून जास्त माणसं मेली आणि स्वित्झर्लंडनं सर्किटवरच्या शर्यतीच बंद करून टाकल्या. त्यामुळे गावांमधून जाणाऱ्या रस्त्यांवर रॅली घ्यायला माझा विरोध आहे. सुट्टी असो, पोलीस बंदोबस्त असो, पर्यटन महामंडळाचा फलक असो, विरोधच. ज्या रस्त्याला घरांची दारं उघडतात तो रस्ता बंद करता येतच नाही. कुंपण असलेली जागा हवी आणि कुंपणाच्या आत तिकीट नसलेलं माणूस दिसलं की घड्याळ थांबलं पाहिजे. बघ्यांसाठी एकच बाजू, धावपट्टीपासून चांगली लांब, मध्ये मातीचा बांध. लांबून नीट दिसत नाही म्हणून तक्रार आली तर येऊ दे.

दुसरा आक्षेप पैशाचा. दुष्काळी तालुके असलेल्या जिल्ह्यात सरकारनं श्रीमंतांच्या खेळावर पैसा का घालवावा? घालवू नये. एक रुपयाही नको. जागेचं भाडं, विमा, अग्निशमनाची गाडी, रुग्णवाहिका, पोलिसांचा बंदोबस्त, सगळं प्रवेश फीमधून. वर अनामत. मी तर याच्याही पुढे जाऊन एक सांगतो आणि माझे काही मित्र यावर चिडतील. महाराष्ट्रात मोटारीवरचा एकरकमी कर किमतीच्या टक्क्यांनी घेतात, पण त्याला वरची मर्यादा आहे. ती वीस लाख होती, २०२५ पासून तीस लाख झाली. आता हिशेब करा. नऊ लाखांची पेट्रोल गाडी घेणारा अकरा टक्के भरतो, नव्व्याण्णव हजार. पाच कोटींची घेणारा तीस लाख भरून सुटतो, म्हणजे सहा टक्के. पहिली गाडी घेणाऱ्या मास्तरापेक्षा पाचवी गाडी घेणाऱ्या बिल्डरला कराचा दर कमी, हा काय न्याय आहे? ही मर्यादा काढून टाका. कर चुकवायला पाँडिचेरीचा नंबर लावून पळ काढणाऱ्यांनाही पकडा. ज्याला पाच कोटींचा शौक झेपतो त्याला पूर्ण कर झेपत नाही, हे मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकते, ती आमच्याच बाजूच्या लोकांची. ट्रॅक मागताना ते लगेच म्हणतात: देशाचं नाव होईल, पर्यटन वाढेल, रोजगार येईल, उद्याचा वर्ल्ड चॅम्पियन सांगलीतून निघेल. कशाला या थापा? ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट असंच देशाचं नाव करायला बांधलं गेलं. सव्वापाच किलोमीटरला जरा कमी, जगातल्या उत्तम ट्रॅकपैकी एक. २०११, १२, १३ अशा तीन वर्षी फॉर्म्युला वन तिथे आली, तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला, आणि मग हा खेळ की करमणूक, यावर कर किती लागतो, या भांडणांत ती जी गेली ती गेली. हैदराबादला २०२३ मध्ये विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई आली, त्याच वर्षाअखेरीस सरकार बदललं आणि पुढच्या वर्षीची शर्यत रद्द झाली. प्रतिष्ठेसाठी आणलेल्या गोष्टी प्रतिष्ठेची सोय संपली की जातात. शोलावरम इतकी वर्षं चाललं, कारण तिथे शनिवारी गॅरेज बंद करून येणारी माणसं होती. बैल पाळणारा देशाचं नाव होईल म्हणून पाळत नाही. त्याला बैल पळताना बघायला आवडतो, बस. माझं फियाटशी नातं याहून उदात्त कधीच नव्हतं, आणि ते तसं असावं अशी अटही सरकारनं घालू नये. निरुपयोगी म्हणून एखादा शौक बंद करायचा म्हटला तर कबुतरं, तमाशा, कुस्तीचे फड आणि निम्म्या नाट्यसंस्था यांची यादी पुढे येईल.

आता आमच्या लोकांनी काय द्यायचं ते. जागा मिळाली की रस्त्यावरचा प्रत्येक चाळा बंद. हायवेवर माळ करून निघायचं नाही. रात्री सांगलीत विश्रामबागच्या चौकात सायलेन्सर फाडून फटाके काढायचे नाहीत. तिथे दवाखाने आहेत, अभ्यासाला बसलेली पोरं आहेत. स्पीडोमीटरचा काटा दाखवणारी रील टाकली की क्लबमधून नाव कमी, आणि ते पोलिसांना कळवायचं कामही क्लबचंच. रस्त्यावर अतिवेगाची पावती झालेल्याला त्या वर्षी धावपट्टीवर प्रवेश नाही. हे कडक वाटेल. पण ज्याला रस्त्यावर आवरता येत नाही त्याला धावपट्टीवर शिकवायची हौस मला नाही. तिथे आधीच रांग मोठी असणार.

कारण ती रांग कोटीवाल्यांची नसणार आहे. सांगली-साताऱ्यात तसल्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. रांग असेल ती जुनी मारुती ८०० घेऊन येणाऱ्या फिटरची, बापाची झेन मागून आणलेल्या पोराची, इंजिनिअरिंग कॉलेजात स्पर्धेसाठी स्वतः गाडी बांधणाऱ्या मुलामुलींची. ही मुलं आज आपली गाडी चालवून बघायला जागा नाही म्हणून कॉलेजच्या मागच्या बोळात पहाटे ब्रेक तपासतात आणि मग स्पर्धेला थेट कोइमतूर किंवा मध्य प्रदेशातलं पिथमपूर गाठतात. म्हणून पहिल्या वर्षी दहा लाखांवरच्या गाडीला प्रवेश फी तिप्पट ठेवावी आणि त्या फीतून विद्यार्थ्यांच्या गाड्यांना फुकट सोडावं. पोर्शवाल्यानं जरूर यावं. शंकूंच्या चिंचोळ्या वळणांत सराव नसेल तर साडेसहाशे किलोची ८०० त्याला घड्याळावर मागे टाकेल, याची मात्र त्यानं तयारी ठेवावी. आणि येताना बॅटरी नीट आवळून आणावी.